परदेशी लेकराला मावशी हवी



हल्ली आपल्या मंडळ्यांमध्ये वर्षातून एकदोनदा तरी हा प्रसंग येतो. कुणाचा मुलगा जर्मनीला, कुणाची मुलगी कॅनडाला किंवा इंग्लंडला शिकायला निघते. रविवारच्या उपासनेनंतर त्यांना वेदीपुढे बोलावतात, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते, पेढे वाटले जातात, फोटो निघतो. मग घरची माणसे तीन सूचना देतात. चर्च चुकवू नकोस. वाईट संगतीला लागू नकोस. तिथली आपली मराठी माणसे शोधून काढ.

तिन्ही सूचना चांगल्याच आहेत. पण त्या सगळ्या त्या लेकरानेच पाळायच्या आहेत. आमचे मत थोडे वेगळे आहे. परक्या देशात टिकायला शिस्त लागते, तसेच एखादे घरही लागते. आपण जसे आहोत तसे जाऊन जिथे चार घास खाता येतात, असे घर. ते लेकराला एकट्याने उभे करता येत नाही. कुणीतरी दार उघडावे लागते. आणि दार उघडणे हे ख्रिस्ती माणसाचे पहिले काम आहे.

परदेशी शिकणाऱ्या मुलांचे रोजचे जगणे आपल्याला फोनवरच्या चेहऱ्याएवढेच दिसते. पहिला महिना बर्फाच्या आणि लाल बसच्या फोटोंत जातो. मग खरे दिवस सुरू होतात. चौघांमध्ये एक स्वयंपाकघर, फ्रीजमधला एक कप्पा, सकाळी वर्ग, संध्याकाळी दुकानात किंवा हॉटेलात काम, रात्री लेखी अभ्यास. भेटणारा प्रत्येकजण ‘कसा आहेस’ विचारतो, पण उत्तरासाठी थांबत नाही. वर्गात ओळखी पुष्कळ होतात, मैत्री व्हायला वेळ लागतो. रविवारची दुपार सर्वांत लांब असते. त्याच वेळी इथून फोन जातो आणि तिकडून ठरलेले उत्तर येते, ‘सगळं मस्त आहे.’ आईवडिलांनी कर्ज काढले आहे हे त्या मुलाला ठाऊक असते, म्हणून तो दुसरे काही बोलत नाही.

हे दुःख आजचे नाही. १८८३ च्या एप्रिल महिन्यात महाराष्ट्राच्या तीन लेकी शिक्षणासाठी समुद्रापलीकडे निघाल्या. त्यांच्या तीन वाटा प्रत्येक मंडळीने जवळून पाहाव्यात असे आम्हाला वाटते.

पहिल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी. त्यांचे पती गोपाळराव यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिले होते. वाइल्डर यांनी मदत देऊ केली, पण दोघांनी ख्रिस्ती व्हावे या अटीवर. गोपाळरावांना ती अट मान्य नव्हती. पुढे हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मासिकात छापून आला, आणि १८८० मध्ये न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या हाती पडला. त्या तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. त्यांनी कोणतीही अट न घालता पत्र लिहिले. आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. पुढची तीन वर्षे पत्रे जात-येत राहिली. कलकत्त्यात असताना आनंदीबाईंची तब्येत ढासळली, तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधे पाठवली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून जहाजात बसल्या आणि ४ जूनला न्यू यॉर्कला उतरल्या. तिथे मावशी होत्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाण्याआधीचे महिने त्या मावशींच्याच घरी राहिल्या. त्यांनी साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही आणि आपला धर्मही सोडला नाही. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी आपण हिंदू म्हणूनच जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार असे सांगितले होते, आणि तसेच झाले. महाविद्यालयाच्या प्रमुख डॉक्टर रेचल बॉडली यांनी त्यांना शिष्यवृत्ती मिळवून दिली. तिथे जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लांबूली याही शिकत होत्या. आपापल्या देशाच्या वेशातल्या या तिघींचा १८८५ मधला फोटो आजही पाहायला मिळतो.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. पण तिथल्या थंडीने आणि आजाराने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे एकवीस. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि बाईंनी त्या न्यू यॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. आपल्या घरच्या माणसांच्या शेजारी एका हिंदू मुलीला जागा दिली. मावशी हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या २० एप्रिल १८८३ रोजी मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. वाँटेज येथे सेंट मेरी द व्हर्जिन या संघाच्या भगिनींकडे त्या राहिल्या. वैद्यकीय शिक्षणाची इच्छा होती, पण कमी ऐकू येत असल्याने ती वाट बंद झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात, डोरोथिया बील यांच्या हाताखाली, त्या शिकल्या आणि संस्कृतही शिकवू लागल्या.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या आध्यात्मिक माता. रमाबाई त्यांना पत्रांत ‘आजीबाई’ म्हणत. पण ही मैत्री गोडगोड नव्हती. रमाबाई मांसमच्छी खात नसत, तर सिस्टरना त्यात जुन्या जातीचा अभिमान दिसे. क्रुसावर लॅटिन अक्षरे असत, तर रमाबाईंचे म्हणणे होते की आमच्या लोकांना लॅटिन कळत नाही, संस्कृत शब्द असावेत. सिस्टर चर्चच्या अधिकाराची आठवण देत, तर रमाबाई आपल्या विवेकाची. कडक शब्दांची पत्रे दोन्ही बाजूंनी गेली. तरी पत्रे थांबली नाहीत. सिस्टरनी ती जपून ठेवली, आणि म्हणूनच ती आज आपल्याला पुस्तकरूपाने वाचायला मिळतात. भांडण झाले तरी जिथे परत येता येते, ते घर.

तिसऱ्या आनंदीबाई भगत. त्यांचे नाव आपल्यापैकी थोड्यांनीच ऐकले असेल. त्या रमाबाईंच्या सोबतीण म्हणून इंग्लंडला गेल्या, आणि वाँटेजला पोहोचल्यानंतर काही महिन्यांतच त्यांनी आत्महत्या केली. भोवती देवाभक्तीतल्या बायका होत्या, जवळ ओळखीची मैत्रीण होती, डोक्यावर छप्पर होते, तरीही. दोष कुणाचा, हे ठरवण्यासाठी आम्ही त्यांचे नाव घेतलेले नाही. छप्पर, शिस्त आणि प्रार्थना यांच्या मध्येही एखादे माणूस आतून एकटे पडू शकते, हे लक्षात राहावे म्हणून घेतले आहे. चांगल्या संस्थेत प्रवेश मिळाला, जवळ चर्च आहे, आता काळजी नाही, असे आईवडील म्हणतात तेव्हा आम्हाला त्या आठवतात.

आता एक प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. अटीशिवायच मैत्री करायची, तर मग प्रभूविषयी कधी बोलायचे? आमचे उत्तर असे, की विचारले तर मोकळेपणाने बोलावे, पण जेवणाच्या ताटाची किंमत म्हणून कधीच बोलू नये. प्रभूने पाच हजारांना जेवू घातले तेव्हा आधी कुणाचा विश्वास तपासला नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी तो आपल्याला विचारणार आहे की परका होतो तेव्हा घरात घेतले का. त्या परक्याने नंतर काय मानले, हे तो विचारत नाही. आणि अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोघे आठवा. सोबत चालणारा कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते. संध्याकाळ झाली म्हणून त्यांनी अनोळखी वाटसरूला आग्रहाने थांबवून घेतले, आणि भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडले. आग्रह केला नसता, तर प्रभू पुढे निघून गेला असता.

रमाबाईंच्या पुढच्या आयुष्यातही हेच दिसते. परदेशी पाहुणी म्हणून राहिलेल्या या बाईने परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातूनच उभे राहिले. आपले शिकून आलेले लेकरू किती पगार घेऊन येते, हे आपण मोजतो. ते किती जणांसाठी दार उघडायला शिकून आले, हेही मोजायला हवे.

हे सारे आम्ही ग्वाल्हेरच्या किला गेट भागातून लिहीत आहोत, आणि इथे हा विषय उलट बाजूनेही दिसतो. आपली मुले तिकडे परकी आहेत, तशी इथे दुसऱ्यांची मुले परकी आहेत. किल्ल्याच्या पायथ्याच्या गल्ल्यांत आणि पुढे हजिऱ्याकडे भिंड, मुरैना, श्योपूरहून आलेली मुले खोल्या घेऊन राहतात. १९५७ पासून शहरात असलेल्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेत देशाच्या दूरदूरच्या कोपऱ्यांतून, ईशान्येकडूनही, विद्यार्थी येतात. त्यांतले काही ख्रिस्ती असतात. ते शेवटच्या बाकावर बसतात, आशीर्वाद झाला की निघून जातात, आणि आपण एकमेकांशी मराठीत बोलत उभे राहतो. खरे तर ग्वाल्हेरचे आपण मराठी लोकही बाहेरूनच आलेलो. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली आणि त्या छावणीचेच लष्कर नावाचे शहर झाले. दोनशे वर्षे ज्यांना या गावाने सामावून घेतले, त्यांनी चार वर्षांसाठी आलेल्या पोराला परके समजू नये.

आमच्या डोक्यावर, किल्ल्यात, दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. शिखांचे सहावे गुरू हरगोबिंद या किल्ल्यात कैदेत होते. सुटकेचा हुकूम आला तेव्हा ते एकटे बाहेर पडायला तयार झाले नाहीत, आणि सोबतच्या ५२ राजांना घेऊनच निघाले, असे परंपरा सांगते. तिथल्या लंगरात पंगतीला बसणाऱ्याला कुणी त्याचा धर्म विचारत नाही. शेजाऱ्याकडून चांगली गोष्ट शिकण्यात ख्रिस्ती माणसाला कमीपणा नाही. प्रभूनेही शेजारधर्म समजावताना उदाहरण शोमरोन्याचे दिले होते.

म्हणून आमच्या काही सूचना. त्यांना पैसा लागत नाही. उपासनेनंतर नव्या चेहऱ्याचे नाव विचारा आणि पुढच्या रविवारी ते लक्षात ठेवा. महिन्यातून एकदा एका विद्यार्थ्याला घरी जेवायला बोलवा. साधे वरणभात चालेल, फक्त तो काय खातो हे आधी विचारा. त्याची जात, पंथ, गुण विचारू नका, त्याच्या आईची चौकशी करा. तो वाद घालू लागला तर रागावू नका. म्हणजे त्याला घर वाटू लागले आहे.

आणि ज्यांचे लेकरू परदेशात आहे, त्यांनी फोनवर परीक्षेआधी जेवणाविषयी, झोपेविषयी आणि मित्रांविषयी विचारावे. ‘आज कुणाबरोबर जेवलास?’ हा एक प्रश्न बरेच काही सांगून जातो. अन्य धर्माचे, अन्य देशाचे मित्र मिळाले तर घाबरू नये. रूथने नामीचा हात धरला तेव्हा तीही परक्या देशाचीच होती. पण मूल फोन टाळू लागले, जेवण-झोप बिघडली, सगळे संपवावेसे वाटते असे बोलू लागले, तर ‘प्रार्थना कर’ एवढे सांगून थांबू नका. तिथल्या विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे त्याच दिवशी जायला सांगा, आणि जवळच्या कुणालातरी त्याच्या खोलीवर पाठवा. आपल्या देशात टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक यासाठीच आहे. घरी परत यायचे असेल तर दार उघडे आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगा. उधळ्या पुत्राच्या बापाने आधी हिशेब मागितला नव्हता.

आपले लेकरू आज ज्या गावात आहे, तिथे कुणीतरी मावशी त्याला भेटावी म्हणून आपण रोज प्रार्थना करतो. ती प्रार्थना करणाऱ्याने आपल्या गल्लीतल्या दुसऱ्याच्या लेकराची मावशी, काका, आजी व्हायला हवे.

हे प्रभू, तू बाळपणी मिसर देशात परका होतास. आमच्या दूर गेलेल्या मुलामुलींना आज कुणाच्या तरी ताटावर जागा दे. आणि आमच्या दाराशी तू पाठवलेल्या लेकराला ओळखण्याचे डोळे आम्हाला दे. आमेन.