आशाताईंच्या पिशवीत ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब द्या

माननीय आरोग्यमंत्री आणि सार्वजनिक आरोग्य विभागातील अधिकारी यांस,


राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला वर्षाचं होईपर्यंत रोज ४०० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व मोफत मिळावं, एवढी एकच मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे. इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस हीच आहे. खासगी दवाखान्यात ही चिठ्ठी हमखास मिळते. ज्या घरात दर महिन्याला बाटली विकत आणणं जमत नाही, तिथली बाळं मात्र राहून जातात.

‘आपल्याकडे एवढं ऊन, मग थेंब कशाला?’ हा प्रश्न अधिकाऱ्यांकडूनही येतो. तेल लावून बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात धरायची आपली रीत मायेची आहे, ती मोडा असं मी कोणत्याच आजीला सांगणार नाही. पण त्वचेत ‘ड’ तयार करणारे अतिनील-ब किरण त्या तिरप्या उन्हात फार थोडे असतात. ते भरपूर येतात ऊन चढल्यावर, आणि त्या उन्हात तान्हं बाळ कुणी धरत नाही, धरूही नये. काचेतून हे किरण आत येत नाहीत. सावळ्या त्वचेला वेळ जास्त लागतो. चाळीतल्या खोलीत किंवा इमारतींच्या दाटीत तर ऊनच पोचत नाही.

आईच्या दुधाला तोड नाही, ते चालूच ठेवायचं. पण ‘ड’ त्यात जात्याच कमी असतं आणि आईच्याच अंगात ते कमी असेल तर आणखी घटतं. अशी काही महिन्यांची बाळं आमच्याकडे आकडी येऊन दाखल होतात. ताप नसतो. तपासलं की रक्तातलं कॅल्शियम खाली गेलेलं असतं. आईचा चेहरा पाहवत नाही. काही मुलांमध्ये पुढे मुडदूस दिसतो: मनगटं रुंद होतात, फासळ्यांवर गाठी येतात, उभं राहायला लागल्यावर पाय वाकतात. हे सगळं टाळता येण्याजोगं आहे, म्हणूनच सहन होत नाही.

२०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के आणि १० ते १९ वयाच्या २४ टक्के मुलांमध्ये ‘ड’ची कमतरता आढळली. वर्षाच्या आतल्या बाळांचं रक्त त्यात तपासलेलंच नव्हतं.

नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. आशाताई बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत घरी जातात, पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या महिन्यांतही जातात. सहा महिन्यांनंतर लोहाचं औषध, नवव्या महिन्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व आपण देतोच. पहिल्याच भेटीत ‘ड’ची बाटली द्या. आशाताईंना या कामाचा वेगळा मोबदलाही द्या. त्यांच्यावर आधीच खूप लादलेलं आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगते. बाजारात एका मिलिलिटरमध्ये ४०० युनिटचे थेंब मिळतात, तसेच ८०० चेही. सरकारी खरेदीत एकच प्रमाण ठेवा, ड्रॉपरवर ४०० युनिटची ठळक खूण असू द्या आणि मोठ्यांची साठ हजार युनिटची पुडी बाळाला देऊ नये हे बाटलीवर मराठीत छापा. जास्त मात्रेने कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. निरोगी बाळाला रोजचे थेंब सुरू करण्यापूर्वी रक्ततपासणीची अट मात्र घालू नका.

येत्या अर्थसंकल्पात यासाठी तरतूद करा आणि तोवर निदान आदिवासी तालुक्यांत आणि शहरांतल्या झोपडवस्त्यांत वाटप सुरू करा, ही विनंती.

आपली,
एक बालरोगतज्ज्ञ