विश्लेषण : चषक जिंकून देणाऱ्या प्रशिक्षकालाच टॉटनहॅमने का काढले? चाहत्यांना नेमके हवे तरी काय?

बिल्बाओमध्ये २१ मे २०२५ रोजी टॉटनहॅम हॉटस्परने मँचेस्टर युनायटेडला १-० असे नमवून युरोपा लीग जिंकली. क्लबचा हा १७ वर्षांतला पहिला चषक, आणि युरोपातला तर ४१ वर्षांतला. दोन दिवसांनी उत्तर लंडनच्या रस्त्यांवर विजयी मिरवणूक निघाली आणि दोन लाखांहून अधिक लोक लोटले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, ६ जूनला, प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लू यांना क्लबने नारळ दिला. गुरुवारी (१२ जून) त्यांच्या जागी ब्रेंटफर्डचे थॉमस फ्रँक यांची नियुक्तीही झाली. चषक आणणाऱ्याची पाठवणी इतक्या लगबगीने का, यावर टॉटनहॅमचे चाहते तेव्हा आपापसांत भांडत होते. वरवर पाहता हा वाद एका प्रशिक्षकाचा आहे. प्रत्यक्षात ‘आपला संघ कसा खेळतो’ या चाहत्यांच्या जुन्या अभिमानाची त्यात कसोटी लागली आहे.

क्लबचे म्हणणे काय?

क्लबने गणित मांडले. पोस्टेकोग्लू २०२३ मध्ये आले तेव्हा पहिल्या १० लीग सामन्यांत संघाने ८ विजय, २ बरोबरी अशी २६ गुणांची कमाई केली होती. नंतरच्या ६६ सामन्यांत गुण मिळाले फक्त ७८, म्हणजे सामन्यामागे सव्वाच्याही आत. २०२४-२५ च्या प्रीमियर लीगमध्ये २२ पराभव, ३८ गुण आणि १७वे स्थान. याच्या खाली फक्त पदावनत झालेले तीन संघ. ते तिघे इतके दुबळे निघाले की १८व्या लेस्टरचे गुण अवघे २५ होते. म्हणून टॉटनहॅमला धाप लागली नाही इतकेच.

याच तक्त्यात एक गंमतही आहे. १७व्या क्रमांकाच्या या संघाने ६४ गोल केले. चौथ्या क्रमांकाच्या चेल्सीनेही तितकेच केले. फरक दुसऱ्या रकान्यात पडला. चेल्सीने ४३ गोल स्वीकारले आणि टॉटनहॅमने ६५. गोल करायचे आणि त्याहून एक जास्त खायचा, हे या क्लबच्या स्वभावाला साजेसेच म्हणायचे.

हा स्वभाव आला कुठून?

आर्थर रो यांच्या संघाने १९५०-५१ मध्ये लीग जिंकली ती ‘पुश अँड रन’ या पद्धतीने. चेंडू छोट्या पासने सहकाऱ्याकडे द्यायचा आणि लगेच मोकळ्या जागेत धावायचे. लांब फटके आणि धक्काबुक्कीच्या त्या काळात हे वेगळे होते. त्या संघात खेळलेले बिल निकोल्सन पुढे प्रशिक्षक झाले. त्यांच्या संघाने १९६१ मध्ये लीग आणि एफए चषक एकाच हंगामात जिंकले. विसाव्या शतकात हे कोणालाच जमले नव्हते. १९६३ मध्ये ॲटलेटिको माद्रिदला ५-१ ने हरवून युरोपीय चषक जिंकणारा पहिला ब्रिटिश क्लबही हाच. त्यानंतर ग्लेन हॉडल, अर्जेंटिनाहून आलेले ओसी आर्डिलेस आणि रिकी व्हिला, पॉल गॅस्कॉइन अशी कलाकारांची रांग लागली. क्लबच्या लॅटिन ब्रीदाचा अर्थ ‘धाडस करणे म्हणजेच करून दाखवणे’ असा होतो.

लीगचे जेतेपद मात्र १९६१ नंतर आलेच नाही. चषक रिकामे जात राहिले तसा ‘आम्ही सुंदर खेळतो’ या वाक्याचा भाव वाढत गेला. शेजारच्या आर्सेनलकडे चषक असतील, आमच्याकडे शैली आहे, असा तो हिशेब. प्रतिस्पर्धी चाहत्यांनी दुसराच शब्द रूढ केला : ‘स्पर्सी’. विजय हाताशी आलेला असताना तो घालवण्याची खोड, असा त्याचा अर्थ.

आर्सेनलचा इतका सल का?

कारण हे भांडण मैदानाआधी पत्त्याचे आहे. आर्सेनल मुळात थेम्स नदीच्या दक्षिणेकडचा, वुलिचचा क्लब. १९१३ मध्ये तो उत्तरेला हायबरीत, टॉटनहॅमपासून सहा-सात किलोमीटरवर येऊन बसला. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये पहिल्या श्रेणीतील संघ २० वरून २२ करण्यात आले. टॉटनहॅम शेवटच्या हंगामात तळाला होता, तरी वाढीव जागांमुळे आपण राहू अशी त्याला आशा होती. मतदान झाले आणि जागा मिळाली ती दुसऱ्या श्रेणीत पाचव्या आलेल्या आर्सेनलला. शंभर वर्षे उलटली. टॉटनहॅम हाय रोडवर हा किस्सा आजही कालच घडल्यासारखा सांगितला जातो.

हा सल किती खोल आहे ते १४ मे २०२४ रोजी दिसले. टॉटनहॅमच्या घरच्या मैदानावर मँचेस्टर सिटीविरुद्ध सामना होता. टॉटनहॅम जिंकला असता तर त्याची चॅम्पियन्स लीगची आशा टिकली असती. पण सिटीचे गुण जाऊन लीगच्या शर्यतीत आर्सेनलची वाट सोपी झाली असती. बऱ्याच चाहत्यांनी निवड केली होती. आपला संघ मागे पडल्यावर स्टेडियममध्ये आर्सेनलला खिजवणारी गाणी सुरू झाली. सिटी २-० ने जिंकली आणि पुढे आर्सेनलपेक्षा दोन गुण जास्त मिळवून विजेती ठरली. पोस्टेकोग्लू त्या रात्री बाकामागच्या एका प्रेक्षकाशी हुज्जत घालताना दिसले. क्लबचा पायाच ठिसूळ असल्याचे या दोन दिवसांत आपल्याला कळले, अशा अर्थाचे ते नंतर बोलले. ऑस्ट्रेलियात वाढलेल्या माणसाला ही मानसिकता पराभवाची वाटली. स्थानिक चाहत्याच्या दृष्टीने मात्र तो साधा व्यवहार होता. चॅम्पियन्स लीग पुढच्या वर्षीही मिळेल, पण आर्सेनलने लीग जिंकली तर सोमवारी कामावर, शाळेत आणि घरातल्या घरात ते आयुष्यभर ऐकावे लागेल. हजारो मैलांवरून मोबाइलवर सामना पाहणाऱ्या चाहत्याला हे वेडेपण वाटते, कारण त्याचा शेजारी आर्सेनलवाला नसतो.

तरीही पोस्टेकोग्लू लाडके कसे झाले?

त्यांच्या आधीची चार वर्षे पाहावी लागतील. २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी गाठून देणारे पोचेटिनो गेले आणि जोस मोरिन्यो, नुनो एस्पिरितो सांतो, अँटोनिओ कॉन्ते असे ओळीने आले. तिघांचाही भर आधी गोल न खाण्यावर. मोरिन्यो यांना तर लीग चषकाच्या अंतिम सामन्याला सहा दिवस उरले असताना काढले. चषकही नाही आणि खेळही रटाळ, अशा त्या काळात पोस्टेकोग्लू आक्रमणाची भाषा बोलत आले.

त्यांची पद्धत समजायला साधे मोजमाप पुरते. मैदान साधारण १०५ मीटर लांब असते. बचावपटूंची रांग मध्यरेषेपर्यंत पुढे नेली की प्रतिस्पर्ध्यावर दाब वाढतो, चेंडू त्याच्याच अर्ध्यात राहतो. पण मागे सुमारे ५० मीटर मोकळे रान उरते आणि त्याची राखण एकटा गोलरक्षक आणि बचावपटूंचा वेग करतो. कडेचे बचावपटूही मध्यभागी सरकत असल्याने चेंडू गमावला की धावाधाव ठरलेली. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी चेल्सीविरुद्ध टॉटनहॅमच्या दोघांना लाल कार्ड मिळाले. नऊ जण उरले, तरी बचावाची रांग मध्यरेषेवरच! सामना १-४ ने गेला आणि प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. हरण्यातही आपली ओळख दिसली, याच्या त्या टाळ्या होत्या.

मग बिल्बाओत काय झाले?

अगदी उलटे. जेम्स मॅडिसन, देयान कुलुसेव्हस्की जखमी. हंगामभर बचावपटूंचीही तीच गत झाली होती. अंतिम सामन्यात टॉटनहॅमने चेंडू जवळजवळ युनायटेडला देऊन टाकला. ताबा जेमतेम २७ टक्क्यांच्या आसपास राहिला. ४२व्या मिनिटाला ब्रेनन जॉन्सनचा गोल धडपडत, कसाबसा गेला. नंतर मिकी व्हॅन डे व्हेनने हवेत झेपावून गोलरेषेवरून चेंडू काढला. उरलेला वेळ बचाव, बचाव आणि बचाव. भारतात मध्यरात्री साडेबाराला अलार्म लावून बसलेल्यांना देखणे फारसे काही मिळाले नाही.

यावर एकाही चाहत्याने नाक मुरडल्याचे दिसले नाही. म्हणजे शैलीचा अभिमान हे नुसते ढोंग होते का? इथे जॉर्ज ग्रॅहम आठवतात. त्यांनीही १९९९ मध्ये टॉटनहॅमला लीग चषक जिंकून दिला, तोही १-० असा आवळलेल्या खेळाने. पण ते पूर्वीचे आर्सेनलचे प्रशिक्षक. चाहते गाण्यातसुद्धा त्यांचे नाव घेत नसत, ‘रेनकोटवाला माणूस’ म्हणत. चषक मिळाला, माफी मिळाली नाही. पोस्टेकोग्लू यांना तोच बचाव माफ झाला, कारण त्याआधी पावणेदोन वर्षे त्यांनी चाहत्यांच्या श्रद्धेपायी मार खाल्ला होता. शैली ही टॉटनहॅममध्ये आपलेपणाची खूण आहे. ती ज्याने दाखवली त्याला एका रात्रीपुरती मोडण्याची मुभा मिळते. क्लबच्या तक्त्यात या मुभेला रकाना नाही, आणि २००१ ते २०२५ या काळात अध्यक्ष असलेल्या डॅनियल लेव्ही यांच्यावर चाहत्यांचा राग होता तो यामुळेही. एक अब्ज पौंडांच्या घरात खर्च करून उभारलेले ६२ हजार आसनांचे स्टेडियम, महागडी सीझन तिकिटे, त्याच मैदानावर अमेरिकन फुटबॉल आणि मैफली. व्यवहार चोख, पण निर्णय घेताना आपल्याला कोणी मोजत नाही, ही भावना निदर्शनांतून वारंवार दिसली आहे.

तरी क्लबचा निर्णय निव्वळ चूक म्हणता येत नाही. २२ पराभव हे फक्त दुखापतींच्या खाती टाकता येणार नाहीत, आणि पुढच्या हंगामात चॅम्पियन्स लीगचा भारही असणार होता.

फ्रँक यांच्यापुढे काय होते?

फ्रँक हे शैलीचे भक्त नाहीत. समोरचा संघ पाहून ते रचना बदलतात, कॉर्नर-थ्रोइनसारख्या थांबलेल्या चेंडूंवर बारकाईने काम करतात. २०१८ पासून ब्रेंटफर्डचे प्रशिक्षक राहून त्यांनी छोट्या क्लबला प्रीमियर लीगमध्ये आणले आणि टिकवले. २०२४-२५ मध्ये ब्रेंटफर्ड दहावा आला, आणि ६६ गोल केले. टॉटनहॅमपेक्षा दोन जास्त. कागदावर निवड उत्तम होती. अडचण एवढीच की सावध खेळण्याची मुभा त्यांनी तेव्हा कमावलेली नव्हती. ब्रेंटफर्डमध्ये मोठ्या संघाविरुद्ध मागे राहून मिळवलेली बरोबरी साजरी व्हायची. टॉटनहॅमच्या दक्षिण स्टँडमधले १७ हजार लोक त्याच बरोबरीला काय म्हणतील, हे मोरिन्यो आणि कॉन्ते यांना विचारता आले असते.

त्यांची पहिली मोठी लढत १३ ऑगस्ट २०२५ रोजी इटलीतील उदिने येथे, युएफा सुपर चषकात युरोपविजेत्या पॅरिस सेंट-जर्मेनविरुद्ध होती. म्हणजे टॉटनहॅमचा नवा प्रशिक्षक आपला पहिला सामना बहुधा स्वतःच्याच अर्ध्यात उभा राहून खेळणार, अशीच तेव्हा चिन्हे होती.