सोलर दिव्याचे पैसे मागू नका, अंगणाचे मागा

"सर, सोलर गार्डन लाइट रिपेअरिंगचा धंदा चालेल का?" हा प्रश्न सध्या बरेच जण विचारतायत. मित्रांनो, माझं मत सरळ आहे. नुसत्या रिपेअरिंगचा चालणार नाही. अंगण नीट करून देण्याचा चालेल, आणि दिवे त्यात निमित्त.

आधी हिशोब बघा. जमिनीत खोचायच्या छोट्या दिव्यात बहुतेक वेळा 1.2 व्होल्टचा एक रिचार्जेबल सेल असतो. तो दोनेक पावसाळ्यांत दमतो. समजा, चांगला सेल 100 रुपयांना पडला आणि तुम्ही मजुरीचे 50 लावले. गिऱ्हाईक मोबाइल काढून म्हणणार, "दीडशेत नवाच येतोय की!" आणि त्याचं काही चुकत नाही. नगावर दर लावला की तुमची तुलना नव्या दिव्याशी होते, आणि तिथे तुम्ही हरता.

आता तोच दिवा अंगणात बघा. पॅनेलवर जास्वंदीची फांदी आलेली असते, म्हणून चार्जिंगच होत नाही. फांदी छाटली की दिवा लागतो, खर्च शून्य! काही दिव्यांवर रस्त्याच्या खांबाचा उजेड पडतो. छोट्या दिव्यात पॅनेलच सेन्सरचं काम करतं, त्यामुळे त्याला वाटतं अजून दिवसच आहे. जागा बदला, काम झालं. काही पॅनेलवरचा थर उन्हाने पिवळट, धुरकट झालेला असतो. मेटल पॉलिशने घासा आणि वर पारदर्शक लॅकरचा हात मारा. गंजलेले संपर्क व्हिनेगरने पुसा, फटीत सिलिकॉन भरा. हे सगळं दुकानाच्या टेबलावर नाही, अंगणात उभं राहूनच कळतं. मग तिथे आहातच तर पालापाचोळा काढा, कडेच्या विटा सरळ करा, कुंड्यांना गेरू लावा.

समजा, एका बंगल्यात 20 दिवे आहेत. 14 ना नवे सेल म्हणजे 1400 रुपये. मदतनीस 700, गेरू-सिलिकॉन-पॉलिश 400, पेट्रोल 200. झाले 2700. पूर्ण अंगणाचे 5500 सांगितलेत तर दिवसाचे 2800 उरतात. आकडे तुमच्या गावचे घाला, पण "एका दिव्याचे किती?" या प्रश्नाला उत्तर देऊ नका. दर फक्त अंगणाचा.

उरलेल्या सहा दिव्यांचं काय? ज्याचं पॅनेल कडक उन्हातही मल्टीमीटरवर व्होल्टेज दाखवत नाही, तो भंगारात, असं तोंडावर सांगा. गिऱ्हाईक त्या नकारावरच विश्वास ठेवतं.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. साधा, चार्ज न होणारा पेन्सिल सेल कधीच बसवू नका. तो गळतो आणि सर्किट खातो. आणि भिंतीवरच्या मोठ्या दिव्यांत लिथियमचे सेल असतात, कुठे 3.2 व्होल्टचे, कुठे 3.7 चे. त्यांची अदलाबदल केलीत तर सेल तापून पेटूही शकतो. सेलवरचा आकडा वाचता येत नसेल तर ते काम घेऊ नका. काढलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, वेगळे साठवून ई-कचरा घेणाऱ्याला द्या.

होलसेलवाला नव्या दिव्यांचा खोका गळ्यात मारायला बघेल. घेऊ नका. वर्षभर खोक्यात पडलेल्या दिव्याचा सेल आतच मरतो, आणि तक्रार घेऊन गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं.

सीझन म्हणाल तर पाऊस सरला की दिवाळीपर्यंत. अलिबाग, कर्जत, मुळशीकडच्या फार्महाऊस आणि होमस्टेवाल्यांना गणपती झाले की फोन करा. दसऱ्यानंतर केलात तर त्यांनी नवे दिवे मागवलेले असतात.