आरोग्य-चिंतन : मधुमेह, तप आणि कीटोन

अठ्ठाईचा संकल्प करणाऱ्या मधुमेही श्रावक-श्राविकांनी केवळ साखर मोजून निश्चिंत राहू नये. अन्न थांबले की शरीर चरबी जाळते व कीटोन वाढतात. निरोगी तपस्वीस हे स्वाभाविक. परंतु इन्सुलिन परस्पर बंद केल्यास, किंवा डॅपाग्लिफ्लोझिनसारखे औषध चालू असल्यास, साखर फारशी न वाढताही प्राणांवर बेतू शकते.

घरी तपासणीचे मार्ग दोन. लघवीची पट्टी स्वस्त, पण ती मागील काही तासांची स्थिती दर्शविते. बोटाच्या रक्तथेंबावर चालणारे कीटोन-मीटर त्या क्षणाची पातळी सांगते. लिटरमागे ०.६ मिलिमोलपर्यंत सामान्य, १.५ झाल्यास डॉक्टरांना कळवावे; ३ झाल्यास, अथवा उलट्या किंवा धाप लागल्यास, विलंब न करता रुग्णालय गाठावे.

पच्चक्खाणापूर्वीच डॉक्टरांशी विचारविनिमय व्हावा. स्वदेहाची जपणूक हीही अहिंसाच होय.