अपील पडून राहतं, साक्षीदार निघून जातो



मी संत तुकारामनगरात खोली करून राहतो, कंपनीत ठेकेदाराकडं कामाला आहे. वल्लभनगरचा एसटी स्टँड जवळ, म्हणून जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातली आपली पोरं या बाजूला भेटतात. भेटलं की पहिला प्रश्न, "दाव्याचं काय झालं?" उत्तर ठरलेलं, "पुढची तारीख पडली."

आमचा वनहक्क दावा नामंजूर झाला. आईनं अपील केलं. दोनदा तारखेला गेलो. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा फाईल सापडेना. दोन्ही वेळा माझा खाडा, आईची मजुरी बुडाली, गाडीभाडं वेगळं. तेही सोसलं. पण शेजारचे आजोबा दोन्ही खेपेला आमच्यासोबत आले होते. माझा बा त्या उताराला वरई-नाचणी करायचा, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. पहिल्या दाव्याला त्यांचा जबाब जोडायचा राहिला होता, ती आमची चूक. ती दुरुस्त करायलाच ते आले. दिवसभर व्हरांड्यात बसले, कुणी विचारलं नाही. मागल्या पावसाळ्यात ते वारले. आता तो जबाब कुणाकडून आणायचा?

उशिरानं आपला नुसता वेळ जात नाही, पुरावा जातो. वनहक्काच्या नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरला आहे. आपल्याकडं कागद कमी, आठवण जास्त. 13 डिसेंबर 2005 च्या आधीची वहिवाट सांगणारी माणसं दरवर्षी कमी होतात. खात्याच्या कागदाला मात्र मरण नाही.

नियमात आपल्याला अपिलाला 60 दिवस, फार तर 30 वाढवून मिळतात. समितीनं सुनावणीची तारीख किमान 15 दिवस आधी लेखी कळवायची. पण निकाल किती दिवसांत द्यायचा, त्याला मुदत नाही. 2018 च्या नाशिक-मुंबई लाँग मार्चनंतर सरकारनं दावे सहा महिन्यांत निकाली काढायचं कबूल केलं होतं. किती सहा महिने झाले, ते तुम्हीच मोजा.

काहीजण म्हणतात, "राहू दे पडून. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कलम 4(5) नं कुणी उठवू शकत नाही." कलम खरं आहे, ते पाठच करा. पण 13 फेब्रुवारी 2019 आठवा. सुप्रीम कोर्टानं नामंजूर दावेदारांना काढायला सांगितलं. 28 फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. मूळ याचिका 2008 ची. मधले पंधरा दिवस गावात कुणाला झोप नव्हती. अशा टांगत्या जमिनीवर कोण बांध घालील, कोण आंबा लावील? सातबाऱ्यावर नाव नाही तर बँक विहिरीला कर्ज देईल का?

म्हणून दोन कामं करू. पहिलं आपल्या हातातलं: येत्या ग्रामसभेत गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या. अंगठा-सही, साक्षीदार, तारीख टाका. एक प्रत समितीला देऊन पोच घ्या, एक घरात ठेवा. तारखेला गेलात तर हजेरीची लेखी पोच मागा. ती देत नसतील तर अर्ज करून त्याची पोच घ्या.

दुसरं, मागणी: अपिलाच्या निकालाला मुदत ठरवा. सुनावणी गावाजवळ घ्या आणि म्हाताऱ्या साक्षीदारांना आधी ऐका.

आमचे आजोबा गेले. तुमच्या गावातले अजून आहेत. त्यांच्याकडं आजच जा.