अज्जींची देवदर्शनाची सहल

सासूबाई साताऱ्याहून पंधरा दिवसांसाठी बंगळूरला आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीतून मेतकूट, कुळथाचं पीठ आणि एक घडी केलेला कागद निघाला. कागदावर इथल्या अकरा देवळांची नावं! शेजारणीने लिहून दिलेली. "रविवारी एका दिवसात उरकून टाकू," त्या म्हणाल्या.

देवदर्शनाच्या सहलीत आपलं हे नेहमीचंच. चपला काढा, रांगेत उभे राहा, हात जोडा, पुन्हा गाडीत बसा. रात्री घरी आल्यावर कुठल्या देवळात काय पाहिलं ते आठवत नाही, गुडघे तेवढे आठवण करून देतात. मी अकरांतली तीनच नावं ठेवली. सासूबाई थोड्या रुसल्या. "एवढ्या लांब येऊन तीनच?"

सकाळी सातला निघालो. पहिलं देऊळ मल्लेश्वरमचं काडु मल्लेश्वर. संपिगे रोडच्या मेट्रो स्थानकावरून रिक्षाने पाच-दहा मिनिटांचा रस्ता. कन्नडमध्ये काडु म्हणजे रान. आता चहूकडे वस्ती झाली, पण देवाचं नाव अजून रानातलंच आहे. आवारातली झाडं पाहिली की ते पटतं.

दारात फुलवाल्या बाईंनी गजरा पुढे करत सासूबाईंना हाक मारली, "बन्नी अज्जी!" सासूबाई थबकल्या. "हिला कसं कळलं मी आजी आहे ते?" आमची सहावीतली लेक हसत सुटली. "आजी, कन्नडमध्येही आजीला अज्जीच म्हणतात. ती तुला या म्हणतेय." गजरा घेतला गेला हे सांगायला नकोच.

या लेकीचीच मला गेले काही दिवस काळजी वाटत होती. वर्गात कुणीतरी तिला गाव विचारलं होतं. तिने सातारा सांगितलं, तर "मग तू इथली नाहीस," असं उत्तर मिळालं. साताऱ्याला गेली की तिथली भावंडं तिला बंगळूरवाली म्हणून चिडवतात. "आई, मग मी नक्की कुठली?" हा तिचा प्रश्न. माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

देवळाच्या पायरीवर बसून तिला गोष्ट सांगितली. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. बालशिवाजीही काही काळ इथे राहिले होते. शहाजीराजे १६६४ मध्ये कर्नाटकातच, होदिगेरे इथे वारले. त्यांची समाधी तिथे आहे. त्यांच्यामागे इथला कारभार शिवरायांचे सावत्र भाऊ एकोजी, म्हणजे व्यंकोजी, पाहू लागले. या मल्लेश्वराला एकोजींनी एक गाव दान दिलं. त्या दानाचा १६६९ चा शिलालेख आहे, आणि तो कन्नडमध्ये आहे.

"मराठी राजाने कन्नडमध्ये का लिहिलं?" लेकीने विचारलं.

मी सांगायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "अगं, ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांना वाचता यायला नको का?"

समोर रस्त्यापलीकडे नंदीतीर्थ आहे. १९९७ मध्ये तिथली जमीन खणताना ते उजेडात आलं. दगडी नंदीच्या मुखातून पाण्याची धार खालच्या शिवलिंगावर पडते, पुढे कुंड आहे. लेकीने पुजाऱ्यांशी कन्नडमध्ये बोलून आजीला तीर्थ मिळवून दिलं. ते काय म्हणाले तेही मराठीत समजावून सांगितलं.

तिथून मेट्रोने नॅशनल कॉलेज स्थानक आणि पुढे रिक्षाने गविपुरम. गवि म्हणजे गुहा. गवि गंगाधरेश्वराचं देऊळ खडकात कोरलेलं आहे. मकरसंक्रांतीच्या संध्याकाळी मावळतीचे किरण नंदीच्या शिंगांमधून आत पिंडीवर पडतात, अशी त्याची रचना. आतला प्रदक्षिणेचा मार्ग ठेंगणा आहे, वाकून चालावं लागतं. गुडघेदुखी असेल तर हट्ट करू नये. सासूबाई अंगणात बसल्या आणि तिथल्या सूर्य-चंद्राच्या भल्या मोठ्या दगडी चकत्या निवांत पाहत राहिल्या.

दुपारी बहुतेक देवळं बंद असतात. ती वेळ जेवणाला आणि विश्रांतीला ठेवावी. संध्याकाळी बसवनगुडी. गुडी म्हणजे देऊळ आणि बसव म्हणजे नंदी. एका शिळेतून घडवलेला हा नंदी सुमारे पंधरा फूट उंच आणि वीस फूट लांब आहे. एक बैल शेतातलं पीक खाऊन टाकायचा, म्हणून शेतकऱ्यांनी पहिलं पीक त्याला वाहायचं कबूल केलं, अशी इथली कथा. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी भुईमुगाच्या शेंगांची मोठी जत्रा भरते. ती कडलेकायी परिषे. शेंगा म्हटल्यावर सासूबाईंना एकदम घरचं वाटलं. "आमच्याकडे हा बैल आला असता तर काही शिल्लक ठेवलं नसतं," त्या म्हणाल्या.

दिवसभरात कुणी कुणावर चिडलं नाही. आमच्या घरच्या सहलींत हे नवलच! तीन देवळांमुळे बोलायला वेळ मिळाला. अकरा केली असती, तर लेकीचा प्रश्न तसाच राहिला असता.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिने आजीला विचारलं, "मग आजी, मी साताऱ्याची की इथली?"

सासूबाईंनी कागदावरच्या तीन नावांवर खुणा केल्या, तो उशीखाली ठेवला आणि म्हणाल्या, "दोन्हीकडची. आज तू नसतीस तर मला इथलं काय कळलं असतं? उरलेली आठ देवळं पुढच्या खेपेला. तेव्हाही तूच हवीस बरोबर."

लेक थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "चालेल, अज्जी."