आधी निदान, मग फॉरमॅट

उन्हाळा तापू लागला की आपल्या दुकानांत एक तक्रार वाढते : ‘पीसी मध्येच आपोआप बंद पडतो.’ विदर्भात पारा ४५ अंशांकडे सरकतो, घराच्या कोपऱ्यात टेबलाखाली कोंबलेला कॅबिनेट धुळीने भरलेला असतो आणि ग्राहक हैराण होऊन मशीन उचलून आणतो. त्यावर आपल्यातले अनेक जण आजही न उघडताच सांगतात, ‘ठेवून जा, फॉरमॅट मारून देतो.’ ही सवय आपण सोडली पाहिजे.

विंडोजमध्ये बिघाड असला, तर सहसा निळी स्क्रीन येते, मशीन हँग होते किंवा रीस्टार्ट होते. पण पंख्यासकट सगळे क्षणात थांबत असेल, तर संशय आधी उष्णतेवर आणि वीजपुरवठ्यावर घ्यायला हवा. तिथे फॉरमॅटचा काही उपयोग नसतो. उलट घरातले फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, वर्षांचे हिशेब जातात आणि आठवड्याने तेच मशीन पुन्हा आपल्या काउंटरवर येते.

निदानाची सुरुवात प्रश्नांनी होते. चालू करताच बंद पडतो, की अर्ध्या तासाने? गेम खेळताना, की नुसता ठेवलेला असतानाही? पाण्याची मोटर सुरू झाल्यावर, की वीज गेल्यावर? मग इव्हेंट व्ह्यूअर उघडावा. १०७४ ही नोंद असेल, तर बंद करण्याचा आदेश एखाद्या प्रोग्रॅमने किंवा वापरणाऱ्याने दिलेला असतो. तिथे सॉफ्टवेअर तपासणे योग्यच. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद एवढेच सांगते, की मशीन रीतसर बंद झाले नाही. तिच्यातला बगचेक कोड शून्य असेल, तर विंडोजला कारण नोंदवायलाही सवड मिळालेली नसते. अशा वेळी स्क्रू-ड्रायव्हर हाती घ्यावा.

प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही तापमान चढत राहिले, तर स्वतःला वाचवण्यासाठी मशीन बंद करतो. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत वेग कमी होण्याची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. म्हणून पंखा फिरतो का, हीटसिंकच्या चारही पिना बसल्या आहेत का, थर्मल पेस्ट सुकून पापुद्रा झाली आहे का, हे पाहावे.

तिथे सगळे ठीक असेल, तर मशीनला वीज पुरवणारा एसएमपीएस तपासावा. पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत, पण हे माप मशीनवर भार असताना घ्यावे. लोड नसताना कमकुवत एसएमपीएसही बरोबर आकडे दाखवतो. मदरबोर्डवर फुगलेले कपॅसिटर शोधावेत. कॅबिनेटचे पॉवर बटण अडकत नाही ना, हेही पाहावे. ते चार सेकंद दाबलेले राहिले तरी मशीन बंद होते. यूपीएसची बॅटरी आणि घरातले अर्थिंग तपासल्याशिवाय निदान पुरे होत नाही. एसएमपीएस मात्र खोलू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब टिकून असू शकतो. चांगला एसएमपीएस लावून खात्री करणे हाच सुरक्षित मार्ग.

या तपासणीला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे मागण्यात संकोच नसावा. आपण फॉरमॅटचे पैसे हक्काने घेतो, पण निदान फुकट देतो. त्यामुळेच निदान मागे पडले आहे. निदानाचे शुल्क वेगळे ठरवा आणि ते ग्राहकाला आधीच सांगा. जॉबकार्डवर तक्रार, तापमान, व्होल्टेज, सापडलेले कारण आणि बदललेला भाग लिहून एक प्रत त्याच्या हाती द्या. काय बिघडले होते आणि काय दुरुस्त झाले हे ज्याला लेखी कळते, तो पैशासाठी घासाघीस करत नाही आणि पुढच्या वेळी दुसरे दुकानही शोधत नाही.